न फुगणारं कापड

३ तारीख, मंगळवार

नाही, आधी वही खाली ठेव, दादा. मग बोलू.

पानाच्या कडेला तुझ्या अंगठ्याचा पेन्सिलीचा डाग आहे. पंपावर दर तासाला पाण्याची पातळी ज्या पेन्सिलीने लिहितोस, तीच. मी दुसरीत असल्यापासून माझ्या वह्या चोरून वाचतोस आणि अजून हात धुवायचं कळत नाही तुला.

काल जेवताना म्हणालास, "बाबांना टेकडीवर न्यायचं खूळ डोक्यातून काढ. तुझ्या हौसेपायी त्यांचा मणका जाईल." मी घास गिळून तोंड उघडेपर्यंत तू ताट उचलून मोरीत आणि तिथून ड्युटीवर. तुझं नेहमीचंच आहे हे. आपलं म्हणणं टाकायचं आणि पसार व्हायचं. समोरचा बसलाय उत्तर हातात धरून.

तर उत्तर इथे लिहिते. वाचणार आहेसच, तर निदान नीट वाच.

डॉक्टर काय म्हणाले ते तूही ऐकलंस. ऑपरेशनला चौदा महिने झाले, चालायला हरकत नाही, उलट चाला. पाठीवर चार किलो. त्याच्यावर नाही. चार म्हणाले, शून्य नाही म्हणाले. मग मी कामावर, कुरिअरच्या काउंटरवर, दुपारी गर्दी नसताना बाबांचं सामान काट्यावर ठेवलं. एक रात्र दोन दिवसांचं, आम्ही जायचो तेवढंच. पाणी एक किलो. पांघरूण नऊशे. खाणं सातशे. जाकीट साडेतीनशे. गोळ्या आणि कमरेचा पट्टा चारशे. झाले तीन किलो साडेतीनशे.

मग बाबांची ती कॅनव्हासची पिशवी ठेवली. रिकामी. एक किलो नऊशे!

म्हणजे अडतंय ते मणक्याशी नाही, दादा. पिशवीशी अडतंय. तीनशे ग्रॅमची पिशवी मिळाली की बाबा परत चालणार. साधा हिशोब आहे.

५ तारीख, गुरुवार

बाबांना विचारलं. ते खाली दुकानात बसले होते. दुकान म्हणजे आता एक मशीन, एक स्टूल आणि ताडपत्रीचा एक उरलेला गठ्ठा. रोज सकाळी मशीनला तेल देतात. शिवत काहीच नाहीत.

"बाबा, जायचं का? तलावापलीकडे, वर जंगलातल्या जुन्या चौकीपर्यंत?"

"आता काय, मुंगे. झालं ते झालं."

"हलकी पिशवी करू. नवीन कापडाची."

"हलकी कशी असेल पिशवी? हलकं असतं ते पोतं," म्हणाले आणि तेलाच्या बुधलीचं टोपण लावत बसले. बराच वेळ लावत बसले.

गठ्ठ्यावर बसले मी थोडा वेळ. अजून तोच वास. मेण, सुतळी आणि उन्हात तापलेलं जाड कापड. लहानपणी शाळेतून आले की याच्यावर झोपायचे मी, आणि उठले की गालावर विणीचे चौकोन उमटलेले असायचे. आई म्हणायची, पोरीला मालाचा शिक्का बसलाय.

८ तारीख, रविवार

चार प्रकारच्या कापडांचे तुकडे मागवले. सगळे वीतभर बाय वीतभर कापून घेतले, म्हणजे काट्यावर खोटं बोलायला नको.

एक पांढरं, पातळ पत्र्यासारखं. सगळ्यात हलकं. हातात घेतलं की वेफर्सच्या पाकिटासारखं वाजतं. आई म्हणाली, "हे घेऊन गेलात तर जंगलातलं एक पाखरू जागेवर राहायचं नाही." बाद.

दुसरं छत्रीसारखं. छान होतं, पण नखाने ओढलं तर टर्रकन चिरत गेलं. बाद.

उरली दोन. दोन्हीत बारीक चौकटी विणलेल्या, म्हणजे एका चौकटीत फाटलं तरी पुढच्या दोऱ्यावर अडतं. एक नायलॉन, आतबाहेर सिलिकॉन प्यायलेलं. इतकं निसरडं की टेबलावरून आपणहून खाली उतरतं. दुसरं पॉलिस्टर, किंचित जड, पण ओलं झालं तरी सैल पडत नाही. मी दिवसभर या दोघांत. नायलॉन, पॉलिस्टर. नायलॉन, पॉलिस्टर. मैत्रिणींना लग्नाची स्थळं बघताना पाहिलंय मी, त्याही इतका वेळ लावत नाहीत.

बाबा येऊन उभे राहिले. हातात न घेता, नुसतं बोट टेकवून म्हणाले, "याला अंगच नाही."

मी म्हटलं, "म्हणूनच तर."

पण जाताना त्यांनी राखाडी नायलॉन दिव्याकडे धरून पाहिलं. मी आरशात पाहिलं ते. त्यांना वाटलं, मी केस विंचरतेय.

९ तारीख, सोमवार

राखाडी नायलॉन. ठरलं. तीन मीटर मागवलं. दीड मीटर लागेल, दीड मीटर चुकायला.

१२ तारीख, गुरुवार

आज काउंटरवर कामच नव्हतं. पहिली खेप आठवत बसले.

आठ वर्षांची होते. बाबांनी उरलेल्या ताडपत्रीच्या तुकड्यांची माझ्यापुरती पिशवी शिवली होती, हिरव्या पट्ट्यांची. त्यात माझे कपडे, माझी बाटली, माझा डबा, सगळं माझं मीच भरलेलं. पहिल्या चढाला खांदे असे भरून आले की रडूच येईल. पण एकदा झऱ्यापाशी थांबून पाणी प्यायलं आणि पुन्हा पिशवी पाठीवर घेतली की काय जादू व्हायची कोण जाणे, पिशवी हलकी! फुगलेली तेवढीच, पण हलकी. बाबा म्हणायचे, "सवय झाली तुला. मुंगी आहेस तू. मुंगीला ओझं लागत नाही." तेव्हापासून मी मुंगी. दर वेळी पहिला चढ जड, झऱ्यानंतर हलकं. माझ्या अंगात ताकदच वेगळी आहे अशी माझी अगदी कॉलेजपर्यंत खात्री होती. अजूनही थोडी आहे.

आणि दगड. मी वाटेतून दगड गोळा करायचे. चपटे, पांढऱ्या रेघेचे. पिशवीत टाकायचे. घरी आल्यावर ते बाबांच्या पिशवीतून निघायचे. घाईत माझ्याच हातून तिकडे जात असतील.

तू दारात उभा असायचास. दुकानाची किल्ली तुझ्या बोटात. निघताना बाबांचे पट्टे मागून खेचून सारखे करून द्यायचास आणि म्हणायचास, "जा आता, उशीर होतोय." तू कधीच आला नाहीस. तुला चालायची आवड नव्हती.

१४ तारीख, शनिवार

मागच्या पानावर, "माझ्याच हातून तिकडे जात असतील" या ओळीखाली पेन्सिलीने एक शब्द आहे.

"आपोआप?"

दादा, खोचक बोलायचं असेल तर तोंडाने बोल. वही माझी आहे.

१५ तारीख, रविवार

कापड आलं. कागदी नमुना कापला. बाबांचा जुना सदरा जमिनीवर पसरून मानेपासून कमरेपर्यंत माप घेतलं. पिशवी अगदी साधी: एकच कप्पा, वर गुंडाळी करून बंद करायचं तोंड, दोन पट्टे, बाहेर बाटलीला जाळीचा खिसा. चेन नाही, बक्कल एकच.

बाबा म्हणाले, "कप्पे कुठायत?"

"नाहीत."

"ताठ राहायला मागे पट्टी?"

"घडी केलेलं पांघरूणच मागे सरकवायचं. तीच पाठ."

"मग ही पिशवी आहे का उशीचा अभ्रा?"

आई हसली. बाबांनाही हसू आलं, पण त्यांनी ते खोकल्यात मिसळलं.

पट्टे शिवून दाखवाल का म्हणून विचारलं. म्हणाले, "माझा हात जाड कापडाचा. तू तुझं शिव."

तू चहा घेत होतास. एकदम म्हणालास, "चौकीतली ती मोडकी खाट अजून आहे का? तीन पायांची?" मी म्हटलं, तुला काय करायचंय? तू म्हणालास, "काही नाही." खाट कधी पाहिली नाहीस, माझ्या वह्यांतच वाचलीयस. टोमणे मारायची हीही एक तऱ्हा.

१८ तारीख, बुधवार

सरळ लिहिते. 

अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली म्हणून दुपारी घरी आले. दुकानाचं शटर अर्धं खाली. आत शिरले तर बाबा घमेल्यापाशी बसलेले, आणि माझं नायलॉन, माझं राखाडी नायलॉन, कापून शिवलेलं. चुकायला ठेवलेला दीड मीटर. शिवायच्या आधी सगळे तुकडे एकमेकांना टाचण्यांनी टाचलेले असणार, कारण टाचण्या काढून डबीत ठेवल्या होत्या आणि कापडभर भोकंच भोकं. कडेने, मधून, पट्ट्यांच्या जागी दुहेरी. बाबा मगने त्यावर पाणी ओतत होते. एक मग. कापड उजेडाकडे धरायचं. परत एक मग.

"बाबा, काय करताय?"

"थांब. अजून फुगायचंय."

"काय फुगायचंय?"

"धागा. पाणी प्यायला की धागा फुगतो, भोक मिटतं. जरा वेळ लागतो नव्या कापडाला."

मी ओरडले. लिहिताना लाज वाटतेय, पण ओरडले. "कॅनव्हास फुगतो बाबा! सुती असतो म्हणून फुगतो! हे प्लास्टिक आहे, याला एक टाचणी लागली की भोक कायमचं! म्हणून तर चिमटे लावतात! हे कधीच फुगत नाही!"

बाबांनी मग खाली ठेवला. कापड पिळलं नाही, नुसतं निथळत धरलं. "कधीच नाही?" त्यांनी विचारलं. तीस वर्षं ज्याने ट्रकांवर ताडपत्र्या घातल्या आणि एका पोत्याला थेंब लागू दिला नाही, तो माणूस मला विचारतोय, कधीच नाही?

"मला वाटलं, कापडच आहे," म्हणाले. हात पुसले आणि वर निघून गेले. जेवायला आले नाहीत.

१९ तारीख, गुरुवार

भोकं मोजली. एकशे सात.

आणि वरून माप चुकलंय. मागची बाजू बाबांच्या पाठीला चार बोटं आखूड आहे. पट्टेही अरुंद. मी एवढा नमुना कापून ठेवला होता, तो बघायचा तरी. म्हाताऱ्या माणसाची नजर चुकते, त्यात माझ्यामागे घाईघाईने केलेलं. कशाला करायला गेले? नको होती ना पिशवी?

आई म्हणते, तीन दिवस रोज दुपारी बसत होते खाली. मशीनचा आवाज यायचा. पट्टे दोन वेळा उसवून शिवले. ती म्हणाली, "मला वाटलं तुला माहितीये."

२० तारीख, शुक्रवार

तुझी पेन्सिल. आज पूर्ण ओळ.

"माप चुकलेलं नाही. स्वतःची पाठ मोज."

(नंतर.)

आईकडून मोजून घेतली. मानेच्या हाडापासून कमरेपर्यंत. टेपचा आकडा आणि बाबांच्या तुकड्याचा आकडा. एक सूतही फरक नाही. माझं माप कधी घेतलं नव्हतं त्यांनी. नजरेने घेतलं असणार, ताडपत्रीवाले ट्रकचं घेतात तसं.

पट्टे अरुंद, कारण माझे खांदे अरुंद.

मी त्यांची पिशवी कापत होते आणि ते माझी.

आईला विचारलं, "झऱ्यापाशी बाबा माझं सामान काढून घ्यायचे?"

आई भांडी लावत होती. "आत्ता कळलं होय तुला? रजया तुझ्या पिशवीत कोंबायचे, बाकीचं यांच्या. फुगलेली दिसायला हवी ना मुंगीची पिशवी."

"दगड पण?"

"दगड पण."

मग मला शेवटची खेप आठवली. दोन वर्षांपूर्वी. परीक्षेची चार जाड पुस्तकं नेली होती मी, वर बसून वाचायला. येताना पाठ इतकी मोकळी होती की मी गाणी म्हणत उतरले. आणि बाबा शेवटच्या वळणावर बसले ते उठलेच नाहीत. तू जीप घेऊन आलास. कॅनव्हासची पिशवी तू उचललीस, आतून काहीतरी टोचलं म्हणून उघडून पाहिलंस, आणि माझ्याकडे एकदाच बघितलंस. मला वाटलं, जीपच्या घाईत आहेस.

म्हणून चिडलायस माझ्यावर. दोन वर्षं. आणि एका शब्दाने बोलला नाहीस.

२१ तारीख, शनिवार

आईने मला रडताना पकडलं. म्हणाली, "तुझ्या पुस्तकांनी नाही गेला मणका. डॉक्टरांनी चित्र दाखवून सांगितलंय. तीस वर्षं ताडपत्र्यांचे गठ्ठे ओढलेत त्यांनी. पुस्तकं नुसती शेवटी हजर होती." मग म्हणाली, "दादालाही सांगितलंय मी हे. ऐकतो कुठे? त्याला वाटतं, आपण बरोबर असतो तर वाटून घेतलं असतं."

सांगते तुला, दादा, मी दुकानात गेले, बाबांच्या समोर स्टूल घेतलं आणि सिलिकॉनची ट्यूब ठेवली.

"एका काडीच्या टोकावर थेंब घ्यायचा. भोकावर टेकवायचा. एकशे सात आहेत."

"एकशे अकरा," बाबा म्हणाले. "पट्ट्याखालची चार तू धरली नाहीस."

संध्याकाळपर्यंत बसलो. त्यांचा हात माझ्याहून स्थिर. मध्येच विचारलं, "झऱ्यापाशी माझं सामान काढून घ्यायचात?"

"चालताना सामान हलतं, मुंगे. इकडचं तिकडे होतं."

"दुसऱ्या पिशवीत जातं?"

"कधी कधी जातं," म्हणाले, आणि पुढच्या भोकाकडे वळले.

पिशवी वाळल्यावर अशी दिसतेय की गोवर आलाय. तिचं नाव गोवर ठेवलं. माझी.

२५ तारीख, बुधवार

बाबांची पिशवी बाबांनीच शिवली. माझ्या नमुन्याने, टाचणी न लावता. आईचे कपड्यांचे चिमटे सगळे खाली आणले. वर दोरीवरून तुझी बनियन उडून शेजाऱ्यांच्या गच्चीत गेली, ती आईने हाक मारून मागून घेतली. बाबा अजूनही दोन टाके घातले की थांबतात आणि कापड चिमटीत धरून म्हणतात, "अंग नाही याला." पण टीप पाहिलीस? एका रेषेत. निसरड्या कापडावर.

काट्यावर ठेवली. दोनशे ऐंशी. सामानासकट तीन किलो सहाशे तीस. बाबा काउंटरवर आले होते माझ्याबरोबर, रांगेतल्या बाई पार्सल घेऊन मागे उभ्या. बाबा त्यांना म्हणाले, "पोरगी मला कुठंतरी पाठवतेय."

शनिवारी निघायचं. येतो म्हणाले. स्वतःहून म्हणाले.

तुला तोंडावर सांगितलं. तू बूट घालता घालता म्हणालास, "चार म्हणजे चारच. वाटेत बदलाबदली नको." आणि गेलास. निदान बुटांची नाडी बांधेपर्यंत तरी थांबायचंस, मी काहीतरी चांगलं बोलणार होते.

२७ तारीख, शुक्रवार

पिशव्या भरल्या. त्यांची तीन सहाशे तीस. माझी गोवर सहा किलो. छोटा स्टोव्ह, भांडं, जास्तीचं पाणी, त्यांच्या गोळ्यांचा दुसरा संच, सगळं माझ्याकडे.

आणि आता मी शहाणी झालेय. दोन्ही पिशव्यांच्या तोंडाला काउंटरवरची सीलची पट्टी लावली. उघडली की फाटते, परत तशी चिकटत नाही. बाबा म्हणाले, "मी काय पार्सल आहे?" मी म्हटलं, "झऱ्यापाशी बघते सील."

२८ तारीख, शनिवार, सकाळ

घाईत लिहितेय. बाबा खाली उतरलेत, हळूहळू, पण पिशवी स्वतःच्या पाठीवर घेऊन. आईने खिडकीतून दोनदा सांगून झालंय की बसू नका, वाकू नका, एकमेकांवर ओरडू नका.

तुझे बूट दारात नाहीत. लवकरच्या पाळीला गेलास वाटतं. बरं झालं, दारात परत वाद नको होता. फक्त बाबांचे पट्टे मागून सारखे करायला कोणीतरी हवं होतं. मी केले, पण तुझ्यासारखे नाही बसले.

कॅनव्हासची पिशवीही खिळ्यावर नाही. आईने धुवायला काढली असेल. तिच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन दिसतोय, इतकी वर्षं तिथे टांगलेली. तिला पाहून निघायचं होतं.

माझ्या गोवरचं सील जरा वाकडं बसलंय. काल घाईत लावलं असेन. आणि गंमत म्हणजे, आत्ता पाठीवर घेतली तर सहा किलो वाटतच नाहीये. चार वाटतेय. साधं कापड खरंच फरक पाडतं, दादा, मी म्हणत होते तेच.

एक गोष्ट लिहून ठेवते, कारण तोंडाने जमणार नाही. चौकीतली खाट मागच्या खेपेपर्यंत तरी होती. तीनच पाय. चौथ्याच्या जागी बाबांनी चपटे दगड रचलेत, माझे, चढताना वेचलेले, पांढऱ्या रेघेचे. तू विचारलं होतंस, आणि मी नीट सांगितलं नाही. पुढच्या वेळी तूच ये आणि बघ.

बाबा खाली कोणाशी तरी बोलतायत. हसतायत. दूधवाला असेल. आता मला हाक मारतायत, "मुंगे, चल, उशीर होतोय!"

वही टेबलावर उघडी ठेवतेय, तुझी पेन्सिल मध्ये. या वेळी उत्तर तू हातात धरून बस. मी चालले.